आउट म्हणजे आउट, सर!

रविवारची सकाळ. अकोल्यातलं मैदान, टेनिस बॉलची इंटर-ऑफिस टूर्नामेंट आणि अंपायर कोण, तर आमचाच एक मित्र. आठवडाभर बँकेत काऊंटरवर, रविवारी डोक्यावर पांढरी टोपी! शेवटच्या ओव्हरला त्यानं रनआउट दिला आणि समोरच्या टीमचे कोचसाहेब (एरवी त्या ऑफिसचे मॅनेजर) मंडपातून थेट पिचवर. "काहून बे, दिसत नाही का तुले?"

मित्र बिचारा समजावत बसला. बॅट इथं होती, बेल तेव्हा पडली... पाच मिनिटांत अख्खी टीम भोवती. मॅच कशीबशी संपली. अमरावतीला परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "आता मी नाही उभा राहत यार."

निर्णय बरोबर होता की चूक, सोडा. गडबड झाली ती समजावत बसण्यात.

आठवतं, २२ एप्रिल २०२२, वानखेडे? दिल्लीला शेवटच्या ओव्हरमध्ये ३६ रन्स हव्या होत्या. पॉवेलनं पहिल्या तीन बॉल्सवर तीन सिक्स ठोकल्या. तिसरा फुलटॉस कमरेच्या वर होता, नो-बॉल द्या, असा दिल्लीचा हट्ट. पंतनं बॅट्समनना परत बोलावलं आणि असिस्टंट कोच प्रवीण आमरे चक्क मैदानात. अंपायर्सनी ऐकून घेतलं, निर्णय बदलला नाही आणि त्यांना परत पाठवलं. दिल्ली १५ रन्सनी हरली. आमरेंची पूर्ण मॅच फी गेली, वर एका मॅचची बंदी. गंमत म्हणजे २०२३ पासून आयपीएलमध्ये नो-बॉल आणि वाइडवरही रिव्ह्यू घेता येतो. म्हणजे तक्रारीला रस्ता मिळाला, आरडाओरड्याला नाही!

अमेरिकेत बेसबॉलचे मॅनेजर अंपायरच्या नाकाला नाक लावून भांडतात. पण बॉल की स्ट्राइक, यावर वाद घालायला डगआउट सोडलं की आधी वॉर्निंग, मग थेट बाहेर. बॉबी कॉक्स नावाचे मॅनेजर असे दीडशेहून जास्त वेळा बाहेर गेलेत. आणि आपली कबड्डी? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ साली थेट बर्लिनमध्ये दाखवलेली! आज तिथंही हिरवं, पिवळं, लाल कार्ड. पंच खिशात हात घालतो, भाषण देत नाही.

सो, रविवारच्या अंपायर्सनो, फंडा सोपा आहे. टॉसलाच सांगून टाका, बोलेल तो फक्त कॅप्टन. त्याचं एकदा, शांतपणे ऐका. शंका असेल तर स्क्वेअर लेगच्या जोडीदाराला विचारा. मग एका वाक्यात निर्णय आणि पाठ फिरवून आपल्या जागेवर. आवाज चढला तर वॉर्निंग. क्रिकेटच्या नियमांत २०१७ पासून दुसऱ्या वेळी पाच पेनल्टी रन्स आहेत, त्या द्यायला लाजू नका. आणि खरंच चुकलात? मॅचनंतर चहा घेताना कबूल करा. त्यानं इज्जत जात नाही, वाढते.

आणि कोचसाहेब, एक सांगू? अंपायरच उभा राहिला नाही, तर तुमची टीम खेळणार कशी?

परवा मित्राला पुन्हा फोन केला. आधी "नाही", मग बराच वेळ शांत. शेवटी म्हणाला, "येतो. पण मंडपापुढे चुन्याची एक लाइन मारून ठेव. कोच तिच्या पलीकडे."

चुना मी आणून ठेवलाय!