पोलादी पेटीतलं घर

२०११च्या त्सुनामीने जपानमधलं ओनागावा हे मासेमारीचं गाव उद्ध्वस्त केलं. सपाट जमीन फारशी उरली नव्हती. वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर मालवाहू कंटेनरांची तीन मजली घरं उभारली. कंटेनर बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक रचले आणि मधल्या मोकळ्या चौकटींत मोठ्या खिडक्यांच्या उजेडी खोल्या केल्या. निर्वासितांनाही नीटनेटकं घर हवं असतं, हे त्यांनी ओळखलं, याचं मोल मोठं.

आता अशा घरांवर सौर पॅनेल बसवून ती कुठेही नेता येतील, असं सांगितलं जातं. कल्पना स्वागतार्हच.

पण हिशेब मांडायला हवा. वीस फुटी कंटेनरचं छप्पर जेमतेम १६० चौरस फूट. त्यावर साधारण दीड किलोवॉटचे पॅनेल बसतात. दिवे, पंखे, छोटा फ्रिज चालेल. दिवसभर एसी नाही. तीन मजले चढवले, तर छप्पर फक्त वरच्याला! शिवाय उष्ण प्रदेशात उघडं पोलाद भट्टीसारखं तापतं. भिंतींना उष्णतारोधक थर, समोरासमोर खिडक्या आणि छपरापासून थोडे उचललेले, सावली देणारे पॅनेल यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.