कधीही न जिंकणारा वैमानिक

जाणता व्यापारी वेष्टनावरची चिठ्ठी वाचून माल घेत नाही. तो पोत हाताने तपासून पाहतो. मुलांच्या व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र ‘सर्व कुटुंबासाठी’ एवढे आश्वासन मिळाले, की बहुतेक घरांतील पारख तेथेच संपते. २००६ साली प्लेस्टेशन व संगणकासाठी निघालेला ‘स्नूपी व्हर्सेस द रेड बॅरन’ हा खेळ या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

स्नूपी नावाचा पांढरा कुत्रा पहिल्या महायुद्धातील सोपविथ कॅमल विमान उडवतो आणि शत्रूची विमाने पाडतो, असे या खेळाचे स्वरूप. शस्त्रेही गमतीची. बटाटे झाडणारी बंदूक आहे, आणि स्नूपीचा मित्र, वुडस्टॉक हा पिवळा पक्षी, क्षेपणास्त्र होऊन झेपावतो. रक्ताचा थेंब कोठे दिसत नाही. लढाई आहे, वेदना नाही.

ही कल्पना मुळात अमेरिकन व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांची. त्यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली. त्यांचा मुलगा एकदा जुन्या लढाऊ विमानाची प्रतिकृती जुळवत बसला होता; तिच्यावरून त्यांना युक्ती सुचली आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये स्नूपी डोळ्यांवर चष्मा चढवून आपल्या घरकुलाच्या छपरावर वैमानिक होऊन बसला. त्याचा प्रतिस्पर्धी रेड बॅरन मात्र काल्पनिक नव्हे. मान्फ्रेड फॉन रिख्थोफेन या जर्मन वैमानिकाच्या नावावर ८० विमाने पाडल्याची नोंद आहे. २१ एप्रिल १९१८ रोजी तो फ्रान्समध्ये मारला गेला, तेव्हा त्याचे वय अवघे २५ होते.

शुल्झ यांच्या चित्रांत हा शत्रू कधी दिसत नाही. दिसतात ती घरकुलाला पडलेली गोळ्यांची भोके आणि आकाशाकडे मूठ उगारणारा स्नूपी. जय त्याच्या वाट्याला येत नाही. आणि हसू येते ते त्या पराभवाचेच.

शुल्झ यांनी युद्ध जवळून पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धात ते मशीनगन चालवणाऱ्या तुकडीत होते. गोळी झाडण्याची वेळ एकदाच आली, तेव्हा बंदूक भरायचीच राहून गेली होती आणि समोरचा जर्मन सैनिक आपण होऊन शरण आला, असे ते सांगत. पुढे व्हिएतनामचे युद्ध पेटले, तेव्हा युद्धावर विनोद करणे त्यांना रुचेना, आणि त्यांनी या वैमानिकाला काही काळ बाजूला ठेवले.

फेब्रुवारी २००० मध्ये शुल्झ गेले. त्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या खेळात स्नूपीला जिंकावेच लागते. चित्रकथा पराभवावर संपू शकते. खेळाचा पुढचा टप्पा विजयावाचून उघडत नाही. शिवाय चित्रात हा सारा स्नूपीच्या मनाचा खेळ होता. येथे ते विमान खरेच उडते आणि त्याची कळ मुलाच्या बोटाखाली असते. वेष्टनावरची चिठ्ठी खोटी नाही, पण हा बदल ती सांगत नाही.

म्हणून असा खेळ घराबाहेर फेकावा असे नाही. बीभत्स खेळांच्या गर्दीत तो खचितच सौम्य आहे. परंतु मुलाच्या हाती तो देऊन वडीलधाऱ्यांनी निघून जाऊ नये. एखाद्या सुटीच्या सायंकाळी आजोबांनी वा आईने शेजारी बसावे, चुकत-माकत एक डाव खेळावा, मुलाला मनसोक्त हसू द्यावे. मग पडदा विझल्यावर त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. एक, त्या तांबड्या विमानात बसलेल्या २५ वर्षांच्या खऱ्या तरुणाची. दुसरी, स्नूपी रेखाटणाऱ्या सैनिकाच्या रिकाम्या बंदुकीची.

यांतली कोणती गोष्ट मूल पुन्हा सांगायला लावते, ते पाहावे.