पाच दिवसांची लढाई आणि चौदा महिन्यांची वाटाघाट

आष्टी हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात एकाहून अधिक ठिकाणी भेटते. १८१८ च्या फेब्रुवारीत बापू गोखले जेथे धारातीर्थी पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील, आणि १९४२ च्या ऑगस्टात जेथे स्वातंत्र्यासाठी रक्त सांडले ती वर्धा जिल्ह्यातील. परंतु आम्ही ज्या आष्टीचे स्मरण ह्या महिन्यात वाचकांस करून देऊ इच्छितो ती परतूर तालुक्यातील, आजच्या जालना जिल्ह्यातील होय. तिच्या नावाची लढाई इतिहासाच्या पुस्तकांत नाही. १९४८ साली ती परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात होती. आणि तिच्यासारख्या शेकडो गावांचे भवितव्य त्या वेळी दिल्ली, हैदराबाद, लंडन व कराची येथील बंद दालनांत तोलले जात होते.

दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. त्या दिवशी पोलीस कारवाईच्या पाच दिवसांचे वर्णन सर्वत्र ऐकू येते. तिच्या आधीच्या चौदा महिन्यांचे मात्र फारसे कोणी करीत नाही. वस्तुतः राज्यकर्त्यांच्या विवेकाची खरी कसोटी त्या महिन्यांतच लागली. बळाचा धाक घालावा की गुप्तपणे बोलणी चालू ठेवावीत, आणि दोन्ही करावयाची तर कोणते किती, हा प्रश्न त्या काळात दिल्लीच्या पुढाऱ्यांपुढे नित्य उभा होता.

निजामाने १९४७ च्या जूनमध्येच फर्मान काढून ब्रिटिश सत्ता गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले. जुलैपासून त्याचे शिष्टमंडळ दिल्लीच्या वाऱ्या करू लागले. त्यात छतारीचे नवाब हे दिवाण होते आणि सर वॉल्टर मॉंक्टन हे इंग्रज कायदेपंडित सल्लागार होते. दिल्लीच्या बाजूने गव्हर्नर जनरल माउंटबॅटन व संस्थानी खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन बोलत. बरीच घासाघीस होऊन ऑक्टोबरात एक मसुदा ठरला. निजामाच्या कार्यकारी मंडळाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला, आणि आता केवळ सही राहिली असे सर्वांस वाटू लागले.

परंतु २७ ऑक्टोबरच्या पहाटे हैदराबादेत रझाकारांच्या प्रचंड जमावाने ह्याच शिष्टमंडळाच्या घरांस वेढा दिला. शिष्टमंडळ दिल्लीस गेले नाही, छतारींनी राजीनामा दिला, आणि मसुदा तसाच राहिला. पुढे २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, तो बहुतांशी त्याच मसुद्याचा. कागदावरील शब्द फारसे बदलले नाहीत. परंतु कागदामागील माणसे मात्र बदलली होती. मीर लायक अली दिवाण झाले, आणि लातूरचा वकील कासीम रझवी ह्याचा शब्द दरबारात दिवाणाच्या शब्दाहून जड झाला.

आमच्या घरांत लग्नाच्या याद्या करण्याचा प्रसंग कोणास अपरिचित आहे? समोरून आलेले गृहस्थ सुस्वभावी असतात, प्रत्येक कलमास मान डोलावतात, आणि घरी परतल्यावर निरोप येतो की वडीलधाऱ्यांस हे मान्य नाही. अशा वेळी जाणता मध्यस्थ यादीतील कलमे पुन्हा मोजीत बसत नाही. त्या घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे तो आधी शोधून काढतो. हैदराबादच्या वाटाघाटीत दिल्लीने हाच प्रश्न उशिरा विचारला असे आमचे मत आहे. ज्यांच्याशी बोलणे चालले होते त्यांच्या हाती सत्ता नव्हती, आणि ज्यांच्या हाती ती होती त्यांस तह नको होता.

‘जैसे थे’ करारानुसार भारताची फौज सिकंदराबादेतून निघावयाची होती, आणि ती निघाली. त्याच वेळी हैदराबाद सरकारने पाकिस्तानास वीस कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले आणि आपल्या राज्यात भारतीय चलनावर बंदी घातली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात बीदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवू लागला. दिल्लीने करारभंगाची तक्रार केली. त्यावर, भारताने आमची आर्थिक कोंडी केली आहे, असे उत्तर हैदराबादेहून आले. प्रत्येक पक्ष एका हाताने पत्र लिहीत होता व दुसऱ्या हाताने पकड आवळीत होता.

दिल्लीतही एकमत नव्हते. दिरंगाईचा प्रत्येक महिना शत्रूस शस्त्रे पुरवितो, हे सरदार पटेलांचे मत होते. पंडित नेहरूंची चिंता निराळी होती. काश्मिरात १९४७ च्या ऑक्टोबरपासून युद्ध पेटलेले, फौज तिकडे गुंतलेली, आणि दक्षिणेत लढाई सुरू होताच देशभर हिंदु-मुसलमानांचे दंगे उसळतील ही धास्ती. सरसेनापती जनरल बूचर हेही सबुरीचाच सल्ला देत. ही भीती भ्याडपणाची होती असे आम्ही म्हणणार नाही. फाळणीचे रक्त अद्याप वाळले नव्हते, आणि अशा वेळी ज्याने पाऊल टाकण्यापूर्वी दोनदा विचार केला त्यास दोष देणे अन्यायाचे होईल.

१९४८ च्या जूनमध्ये माउंटबॅटन मायदेशी परतावयास निघाले. त्यापूर्वी त्यांनी अखेरचा प्रयत्न म्हणून एक मसुदा तयार केला. तो हैदराबादेस इतका अनुकूल होता की सरदार त्यास मान्यता देतील अशी कोणास आशा नव्हती. सरदार तेव्हा हृदयविकारातून उठून डेहराडूनला विश्रांती घेत होते. माउंटबॅटन तेथे जाऊन भेटले आणि सरदारांनी संमती दिली. निजामाने मात्र तो मसुदा नाकारला. आमच्या मते ह्या प्रकरणातील निर्णायक क्षण हाच होय. त्यानंतर दिल्लीने लवकर हार मानली असे म्हणण्यास जागा उरली नाही.

ह्या सर्व काळात गावांची स्थिती काय होती? मराठवाड्यात रझाकारांचे अत्याचार वाढत चालले होते. राज्याच्या हद्दीवरून हजारो कुटुंबे वऱ्हाडात, सोलापूर-नगरकडे निघून गेली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, आणि हद्दीबाहेरील शिबिरांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सशस्त्र प्रतिकार करीत होते. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी भारतात विलीन होण्याची बाजू घेतली म्हणून १९४८ च्या ऑगस्टात त्यांचा खून झाला. बोलण्यांच्या बैठकीत जो एक आठवडा उदारपणे वाढवून दिला जाई, त्याची किंमत दालनातील कोणी देत नसे. ती परतूर-आष्टीकडील घरे देत असत.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी, जीनांच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी, भारतीय फौजा हद्द ओलांडून आत शिरल्या. मुख्य चढाई सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधरी ह्यांची होती. त्याच दिवशी नळदुर्ग पडला, औरंगाबादेवर दुसरी तुकडी गेली, आणि तिसऱ्या दिवशी जालना हाती आले. १७ तारखेस निजामाने युद्धबंदी पुकारली व १८ तारखेस जनरल एल इद्रूस ह्यांनी शरणागती दिली. हैदराबादची तक्रार तोवर पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढे पोहोचली होती, परंतु जिच्यासाठी ती केली ती राजवटच उरली नाही.

एवढ्यावर थांबणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. लढाई संपल्यानंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगविण्यात आला. सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार ह्यांस चौकशीसाठी पाठविले. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळल्याचे नोंदविले. आकड्यांविषयी वाद आहे. घडल्या गोष्टीविषयी तो नसावा. तो अहवाल कित्येक दशके अप्रसिद्ध राहिला. फौज केव्हा हलवावी ह्याचा विचार चौदा महिने झाला, परंतु फौज पोहोचल्यावर गावातील दुर्बलांचे रक्षण कोण करील ह्याचा तितका झाला नाही. बळाचा उपयोग न्याय्य असला तरी ही जबाबदारी त्याच्याबरोबरच येते.

उलट, जिंकल्यावर सरदारांनी दाखविलेला संयम अनुकरणीय आहे. निजामास अपमानित करण्यात आले नाही; १९५० पासून १९५६ पर्यंत तो हैदराबादचा राजप्रमुख राहिला. त्यामुळे त्याच्या प्रजेतील धास्तावलेल्या लोकांसही नव्या राज्यात आपणांस स्थान आहे असे वाटण्यास आधार मिळाला.

ह्या गुप्त राजकारणाचे एक शेपूट फार काळ वळवळत राहिले. १९४८ च्या सप्टेंबरात, शरणागतीनंतर, हैदराबादच्या लंडनमधील खात्यातून सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या खात्यात वळविण्यात आले. वाढत वाढत ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली, आणि तिचा निकाल इंग्लंडच्या न्यायालयाने २०१९ साली भारत व निजामाचे वारस ह्यांच्या बाजूने दिला. एकाहत्तर वर्षांनी का होईना, पैशाचा हिशेब लागला.

गावांचा हिशेब मात्र कोणत्याही न्यायालयात दाखल नाही. तो जुन्या पिढीच्या बोलण्यात आहे: कोणत्या रात्री गाव सोडले, धान्य कोठे पुरले, कोणत्या शेजाऱ्याने आपणांस लपविले, आणि पुढे आपण कोणास लपविले अथवा लपविले नाही. ज्या घरांत त्या दिवसांच्या आठवणी सांगणारे वडीलधारे आजही आहेत, त्यांनी ह्या सप्टेंबरात एक वही काढावी व त्यांच्या शब्दांत सर्व उतरून घ्यावे. गौरवाचे तेवढेच लिहावे असा मोह होईल, तो आवरावा. दालनांतील थोरांनी आपापली आत्मचरित्रे लिहून ठेवली आहेत. आष्टीसारख्या गावांची बाजू लिहिणारे हात आमच्या वाचकांच्याच घरी आहेत.