नवरात्र संपलं, नेम का संपावा?



बीडच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. वय बेचाळीस. साखर सीमेवर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. याच दुखण्यात आईचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे भीती आहे, माहितीही आहे. तरी त्या लिहितात, "ताई, तीनदा फिरायला सुरुवात केली, तीनदा मोडली. भात सोडला आणि आठव्या दिवशी दुप्पट खाल्ला. माझ्यात जिद्दच नाही हो!"

पत्राच्या शेवटी मात्र सहज एक ओळ आहे : "नवरात्रात नऊही दिवस पहाटे खंडेश्वरीला पायी जाऊन आले, तेवढंच काय ते चालणं."

अहो ताई, मग नऊ दिवस पहाटे उठायला जिद्द कुठून आली? तेव्हाही घरात डबे होतेच, झोपही होतीच. फरक एवढाच, की देवीला जायचं हे एकदा ठरलेलं होतं. रोज पहाटे "आज जाऊ की नको?" असा प्रश्न तुम्ही मनाला विचारलाच नाही. व्यायामाच्या वेळी मात्र आपण तो रोज विचारतो, आणि उत्तर देतं अंथरूण!

आपल्याकडचे माळकरी पाहा. लग्नाच्या पंगतीत कुणी मटणाचा आग्रह केला, तर ते "सध्या सोडायचा प्रयत्न चाललाय" असं म्हणत नाहीत. "मी माळकरी आहे" म्हणतात आणि विषय संपतो. आग्रह करणाराही गप्प बसतो. आपण मात्र "डाएट चालू आहे" म्हणतो. जे चालू असतं ते बंदही पडतं. "मी रोज चालणारी बाई आहे" असं एकदा मनाशी म्हणून तर पाहा.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची वाट तुडवणारा शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला. स्पर्धेतलं धावणं सुरू झालं ते २०१५ मध्ये, सैन्यातच. मध्यंतरी त्याचंही वजन बरंच वाढलं होतं, बरं का! ते त्याने तीन महिन्यांत वीस किलोंनी उतरवलं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं.

यातले वीस किलो तुम्ही उचलू नका! तो जवान, पाठीशी प्रशिक्षक, दिवसभर तेच काम. घ्यायचं ते वेगळंच. वजन वाढलं म्हणून त्याचं धावणं संपलं नाही, आणि विक्रम झाला म्हणूनही संपलं नाही. पुढे स्वतःचाच विक्रम त्याने पुन्हा पुन्हा मोडला. आपलं मात्र भाचीचं लग्न झालं, फोटो निघाले, की चालणं संपतं.

"एकवीस दिवसांत सवय लागते" असं जो तो सांगतो. ते काही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ च्या सुमारास ९६ जणांवर हे पडताळलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५० च्या वर लागतील असा हिशेब निघाला. आणि दिलासा असा, की मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. म्हणजे आठव्या दिवशी भात खाल्ला, हे मोडणं नव्हेच. "आता मोडलंच आहे तर खाऊन घेऊ," हे मोडणं!

तेव्हा आता करायचं काय?

चालण्याची गाठ ठरलेल्या कामाशी बांधा. डबे भरून झाले की चपला पायात. सुरुवातीला दहाच मिनिटं. हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटं भरपावली चालणं झालं की पुरे.

ज्वारीची भाकरी आपली चांगलीच, पण ती भाकरी आहे म्हणून चार खायची नाही. एक भाकरी, वर लागली तर चतकोर, आणि ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला. सोबत वरण, मटकी किंवा पिठलं.

चहा मोजा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम साखर झाली. ती दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गूळ घातला म्हणून सुटका नाही. एकदम सोडू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा.

उपवासाचं काय सांगावं? एकादशी अन् दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा भगर आणि दह्यातली काकडी बरी, तीही बेतानं. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको.

आणि शेवटचं, सगळ्यांत अवघड. सर्वांची पानं उठल्यावर पातेल्यातला उरलेला भात "वाया कशाला" म्हणून आपण खातो. अन्न वाया जाऊ नये हे खरं, पण आपलं पोट म्हणजे उरल्यासुरल्याचं भांडं नव्हे! दुसऱ्या दिवशी अंदाजानं मूठभर तांदूळ कमी लावा. आणि आपलं ताट सर्वांबरोबरच वाढून घ्या.

हे सारं मी पोटभर जेवणाऱ्या आपल्यासाठी लिहिलं. दिवाळीनंतर याच जिल्ह्यातून हजारो बाया कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या त्या बाईला चालण्याचा उपदेश करणं ही थट्टा होईल. तिला हवी ती विश्रांती आणि पोटाला पुरेसं. दोघींचं औषध वेगळं. पण "माझं काय, मी नंतर बघीन" हे दुखणं दोघींचं एकच.

तेव्हा ताई, उद्या पहाटे नवरात्र नसलं तरी चपला घाला. खंडेश्वरीची वाट पायाखालची आहेच. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासा आणि मला कळवा. आकडा उतरला नसला तरी कळवा. चालणं चालू आहे, एवढं वाचलं तरी मला पुरेल.