पोराच्या हाती गळ द्या!

कॉलेजात जाणाऱ्या मुलाने गळ घेऊन नदीवर बसावे, हे आमच्या गल्लीला पटत नाही. "पुस्तक सोडून मासं मारतंय!" असा शेरा ठरलेला. घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, म्हणून तो जरा मोठ्यानेच मिळतो. तरीही माझे मत असे की, उन्हाळ्याच्या सुटीत घरातल्या लहान पोराला पंचगंगेवर न्यावे आणि त्याच्या हाती गळ द्यावा.

यात शिकण्यासारखे काय? माझा भाचा सहा वर्षांचा. त्याचे भांडवल म्हणजे बांबूची काठी, दोरा, तरंगायला मोरपिसाच्या देठाचा तुकडा आणि गळाला गांडूळ. तुकडा थरथरला तर थांबायचे, बुडाला की ओढायचे, हे त्याला दोन दिवसांत कळले. डोहाकडे जायचे नाही, मोठ्या माणसाचा हात सोडून पाण्यात उतरायचे नाही, ही शिस्तही तिथेच लागली. मिळते ती बहुधा तळहाताएवढी चिलापी. मूळची आफ्रिकेतली ही मासळी १९५२ साली भारतात आली, हा भूगोलही त्याला काठावरच कळला. पहिल्या पावसात अंडी घालायला चढणारे मासे लुटण्यापेक्षा मे महिन्यातला हा गळ केव्हाही बरा. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ च्या कायद्यानेच बंदी केली आहे.

पण भाचा विचारतो, "मामा, पाण्याला वास का मारतोय?" तेव्हा मामाची परीक्षा सुरू होते. प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. मधल्या वाटेत शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण तिच्या पोटात जाते. उन्हाळ्यात धार बारीक होते, बंधाऱ्यांमागे पाणी तुंबते. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. त्यात कोमट पाण्यात तो मुळातच कमी. मग मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, तेव्हा माणसेही दगावली.

"मग अशा नदीवर पोराला नेताच कशाला?" असे कोणी म्हणेल. काळजी रास्त आहे. शहराच्या वरच्या अंगाला बसावे, हात साबणाने धुवावेत. आमची आईसुद्धा "कुठल्या अंगाचा मासा?" हे विचारल्याशिवाय तवा ठेवत नाही. पण पोराला नेलेच नाही, तर त्याला नदी दिसणार ती शिवाजी पुलावरून, नाहीतर २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरात. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालीच झाला. मात्र गेल्या वर्षी या वळणावर मासा होता आणि यंदा नाही, हे सांगायला तिथे बसलेला माणूस लागतो. ज्याची नदीशी ओळखच नाही, तो तक्रार कशाची करणार?

मित्रहो, पर्यावरणाचा प्रकल्प आपण कसा लिहितो, हे आपल्याला ठाऊक आहे. मागच्या वर्षीची वही मिळाली की काम झाले! प्राध्यापक महाशयांना विनंती एवढीच, की येत्या वर्षी तो प्रकल्प काठावर बसून लिहायला सांगावा. धाकटी भावंडे, भाचे, पुतणे यांनाही बरोबर येऊ द्यावे. प्रश्न ते विचारतील. उत्तरे शोधणे आपल्याला भाग पडेल.