विद्येचा वारसा

“आमच्या घराण्यांत कोणाला गणित आलें नाहीं, ह्याला कोठून येणार?” असें आमच्या भंडाऱ्याकडील पालक सहज बोलून जातात, आणि मुलगा पाटी खालीं ठेवितो.

ह्या समजुतीवर भास्कराचार्यांच्या घराण्याचें उदाहरण विचार करण्यासारखें आहे. इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांचे गुरु त्यांचे वडील महेश्वर हेच होत. छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला. पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव हे यादव राजांच्या पदरीं मान पावले. मात्र विद्या केवळ रक्तांतून उतरत असती, तर आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरितां चांगदेवांनीं मठ कां स्थापिला असता? चाळीसगांवजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखांत त्या मठास मिळालेल्या दानांची नोंद आहे.

त्या घराण्याचें खरें भाग्य हें कीं, प्रत्येक मुलास शिकविणारा घरांतच होता. ज्याच्या घरीं महेश्वर नाहीं, त्यास तो शाळेंत भेटला पाहिजे. म्हणून शिक्षकबंधूंनो, “ह्याच्या रक्तांतच नाहीं” हें वाक्य निदान आपण तरी उच्चारूं नये.