डोळ्यांना विचारून मॉनिटर घ्या



कोल्हापूरहून गारगोटीला जाताना वाटेत बिद्री लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे गाव दूरवर माहीत आहे. समजा, बिद्रीतल्या एका घरात उसाचे बिल आले आणि संगणक घ्यायचे ठरले. त्यावर दादा हिशेबाचे काम करणार, ताई अभ्यास करणार आणि धाकटा भाऊ संध्याकाळी खेळ खेळणार. मॉनिटर मात्र एकच! तो कसा निवडावा?

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती इंची हवा?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा, "यावर अक्षर कसे दिसते?"

हे तुम्हांला लवकर पटेल. उर्दूत बे, पे, ते आणि से यांचा आकार सारखाच असतो. फरक फक्त नुक्त्यांचा. खाली एक नुक्ता दिला की बे, तीन दिले की पे. मराठीतही 'रग' आणि 'रंग' यांत एका टिंबाचाच फरक आहे. अहमद मिर्झा जमील यांनी हजारो अक्षरजुळण्या हाताने लिहिल्या, तेव्हा १९८१ साली छपाईच्या यंत्रासाठी 'नूरी नस्तलिक' तयार झाले. एवढ्या कष्टाने यंत्रावर आलेले अक्षर पडद्यावर पुसट दिसले, तर काय उपयोग?

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. पुष्कळ साध्या मॉनिटरांवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. पडदा २४ इंची असेल, तर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात. तेवढेच ठिपके ३२ इंची पडद्यावर पसरले, तर इंचात सुमारे ६९ च उरतात. पडदा मोठा झाला, पण अक्षराची कड खडबडीत झाली. म्हणून मोठा पडदा हवा असेल, तर ठिपकेही जास्त हवेत.

धाकटा म्हणेल, "खेळासाठी १४४ हर्ट्झचाच घ्या." हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचे चित्र एका सेकंदात किती वेळा नवे होते, तो आकडा. वेगवान खेळात १४४ हर्ट्झवर हालचाल सफाईदार दिसते, हे खरे आहे. पण संगणकालाही तेवढ्या वेगाने चित्रे तयार करता आली पाहिजेत. नाहीतर दोन बैलांची गाडी एका बैलाला जुंपल्यासारखे होईल. हिशेबाला आणि वाचनाला ६० किंवा ७५ हर्ट्झ पुरतात. पैसे मोजकेच असतील, तर ते खाली-वर होणाऱ्या स्टँडवर आणि न चकाकणाऱ्या पडद्यावर खर्च करावेत, असे मला वाटते. चकाकणाऱ्या पडद्यावर खिडकीचा उजेड पडला, की अक्षराऐवजी आपलाच चेहरा दिसतो.

मॉनिटर घरी आणल्यावर तो नीट मांडणेही महत्त्वाचे आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी. पडदा हातभर लांब असावा. शेजारी पांढरा कागद धरून पाहा. पडदा कागदापेक्षा फार प्रखर वाटला, तर त्याचा उजेड कमी करा.

काही लोक म्हणतात, "महाग मॉनिटर घेतला, की डोळे दुखत नाहीत." हे मला मान्य नाही. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. किंमत वाढली म्हणून पापण्या अधिक मिटत नाहीत! दर २० मिनिटांनी २० सेकंद दूर पाहावे. खेळ कितीही रंगात आलेला असो, हा नियम मोडू नये.

तेव्हा मित्रांनो, घरातले सगळे मिळून दुकानात जा. पडद्यावर एक उर्दूचे आणि एक मराठीचे पान उघडायला सांगा. हातभर अंतरावर बसून ती पाने पाच मिनिटे वाचा. नुक्ते आणि टिंबे सहज दिसली, मान अवघडली नाही, तर तोच तुमचा मॉनिटर. खोक्यावरचे आकडे दुकानदार वाचून दाखवील, पण पडद्यावरचे अक्षर रोज तुम्हांलाच वाचायचे आहे.